कॅथोडची झीज ते चिपमधली तार

स्पटरिंग म्हणजे धातूवर आयनांचा मारा करून तिचे अणू उडवणे आणि ते समोरच्या वस्तूवर बसवणे. ही क्रिया माणसाला दिसली ती बिघाडाच्या रूपात. पेशाने वकील असलेल्या विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्ये विरळ वायूतून वीज सोडली, तेव्हा समोरच्या चकचकीत चांदीवर डाग उमटले. १८५८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ प्लुकर यांना अशाच नळीतल्या प्लॅटिनमच्या कॅथोडची (ऋण टोकाची) झीज काचेवर थर होऊन बसलेली आढळली. १८७७ मध्ये येल येथील आर्थर राइट यांनी याच झिजेतून आरसे बनवले. एडिसनची युक्ती याहून धंदेवाईक होती. मेणातून वीज वाहत नाही, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या मूळ मेणावर आधी सोन्याचा अतिपातळ थर चढवायचा, त्यावर विद्युतविलेपनाने जाड धातू बसवायची आणि साचा काढायचा. ‘गोल्ड मोल्डेड’ सिलिंडर १९०२ मध्ये बाजारात आले ते असे.

अणू नेमके का उडतात, याचे उत्तर मिळायला आणखी अर्धशतक गेले. धातू जागोजागी तापून तिची वाफ होते, असे अनेकांना वाटे. १९५०च्या दशकात गॉटफ्रीड वेनर यांनी एकस्फटिक वापरून दाखवले की अणू स्फटिकाच्या ठरावीक दिशांनाच जास्त उडतात. म्हणजे हा उष्णतेचा नव्हे, कॅरमच्या स्ट्रायकरसारखा धक्क्याचा खेळ. गंमत अशी की वेनर यांचे स्पटरिंगवरचे पुष्कळसे काम मिनियापोलिसच्या जनरल मिल्स या पीठ-न्याहारीवाल्या कंपनीत झाले.

सुरुवातीच्या चिपवरच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असत, आणि ते निर्वातात वितळवून, त्याची वाफ धरून चढवत. पण बारीक तारांत विजेच्या प्रवाहाबरोबर अणू सरकत आणि तार तुटे. उपाय म्हणून १९७०च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळू लागले, आणि बाष्पन अडचणीत आले. मिश्रणातली जास्त बाष्पशील धातू आधी उडून जाते. स्पटरिंगमध्ये टार्गेटचा, म्हणजे आयनांचा मारा झेलणाऱ्या धातूचा, पृष्ठभाग एकदा स्थिरावला की उडणाऱ्या अणूंचे प्रमाण मूळ मिश्रणाइतकेच राहते. चिपउद्योग या तंत्राकडे वळला त्याचे हे एक मोठे कारण.

स्पटरिंगचा वेग मात्र कमी होता आणि वेफर, म्हणजे चिप जिच्यावर घडते ती सिलिकॉनची चकती, तापत असे. जॉन चॅपिन यांनी १९७४ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या सपाट मॅग्नेट्रॉनने ती अडचण बरीच दूर केली. टार्गेटमागचे चुंबक इलेक्ट्रॉनांना त्याच्या तोंडाशीच घोटाळत ठेवतात. त्यामुळे मारा करणाऱ्या आर्गॉन वायूचे आयन भरपूर बनतात, कमी दाबावर काम भागते आणि इलेक्ट्रॉन वेफरला फारसे तापवत नाहीत. मूळ कल्पना फिलिप्सच्या पेनिंग यांची, १९३०च्या दशकातली.

१९९७ मध्ये आयबीएमने तांब्याच्या तारांची घोषणा केली. ही तार आधी कोरलेल्या चरात तांबे भरून बनते. खोल, अरुंद चरांत अणू सरळ उतरावेत म्हणून धातूच्या अणूंचेच आयन करून ते वेफरकडे ओढण्याची पद्धत आली. चराला आधी टँटलमचे अस्तर लावतात, त्यावर तांब्याचा पातळ बीजथर देतात. हे दोन्ही थर स्पटरिंगचे. उरलेला चर भरतो विद्युतविलेपनाने. एडिसनच्या मेणावरही क्रम हाच होता.