रेसिडेंटाचें एकटेपण

परदेशांत राहून आपल्या धन्याचा कारभार पाहणाऱ्या पुरुषाच्या मनाची स्थिति काय असते, या प्रश्नाचा उलगडा राजकीय पत्रव्यवहारावरून होत नाहीं. त्यांत तह, रकमा व फौजांच्या हालचाली सांपडतात; लिहिणारा मनुष्य सांपडत नाहीं. तो पाहावयाचा तर खासगी लेखच शोधिले पाहिजेत. या कामीं मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याचें उदाहरण बोधप्रद आहे.

एल्फिन्स्टन इ. स. १७९६ त कलकत्त्यास आला, तेव्हां तो अवघा सोळा वर्षांचा होता. १७९९ त वजीर अल्लीनें काशीस केलेल्या कत्तलींतून तो थोडक्यांत बचावला. डिसेंबर १८०३ मधील देवगांवच्या तहानंतर तो नागपुरास दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारीं रेसिडेंट झाला. त्यास पंचवीस वर्षेंही पुरीं नव्हतीं. आणि ज्या दरबाराशीं कालपावेतों युद्ध, त्याच्याशींच सख्य राखावयाचें होतें. प्रत्येक शब्द तोलून बोलावयाचा, आणि मन मोकळें करावें असे स्वकीय थोडे. त्याच्या रोजनिशींत ग्रीक व फारसी ग्रंथांचें वाचन, घोडदौड, शिकार यांच्या नोंदींशेजारींच खिन्नतेच्या व स्वतःस दोष देण्याच्याही नोंदी आढळतात. या दिनक्रमांत विद्याव्यासंग होताच. परंतु मन ठिकाणावर ठेवण्याचा तो एक नेमही होता, असें आम्हांस वाटतें.

पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईच्या वेळीं पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी जळाली व त्याचा ग्रंथसंग्रह भस्मसात् झाला. तथापि त्याचे बरेच खासगी लेख शिल्लक राहिले. कोलब्रुक यानें १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक चरित्रांत त्यांतील उतारे आहेत, म्हणूनच हा मनुष्य आज आपणांस दिसतो.

आमच्याकडील वकिलांचें काय? हिंगणे घराण्यानें दिल्लीस पेशव्यांची वकिली पिढ्यानुपिढ्या केली. घरापासून शेंकडों कोस दूर, परक्या दरबारीं त्या पुरुषांस काय वाटत असेल? याचें उत्तर घरगुती पत्रांतच मिळावयाचें.

येथें आमचा एक अपराध कबूल करणें प्राप्त आहे. पूर्वीं एका घरीं जुना रुमाल सोडला असतां राजकीय पत्रें तेवढीं आम्हीं उतरून घेतलीं. क्षेमकुशलाचीं, आजारपणाचीं, मुलांच्या मुंजींची चौकशी करणारीं पत्रें निरुपयोगी समजून मालकांस परत केलीं. दोन वर्षांनीं पुन्हां गेलों, तों तीं बंबांत गेलीं होतीं. तहाची दुसरी प्रत दुसऱ्या दप्तरांत मिळूं शकते. बापानें मुलास लिहिलेल्या पत्राची मिळत नाहीं. संग्राहकांनीं आमच्यासारखी चूक करूं नये, एवढीच विनंति आहे.