शिंके, कणगी आणि मनीची वाटी

आमच्या लातूरच्या घरी मनी नावाची मांजर आहे. वय नऊ वर्षे. पिल्लू असल्यापासून ती दूध-भाकरीवर वाढली. मागच्या हिवाळ्यात ती दिवेलागणीला उंबरठ्याला अडखळू लागली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला आणि विचारले, "खायला काय देता?" मी जरा अभिमानानेच सांगितले, "घरचं दूध-भाकरी. दुसरं काही नाही." ते म्हणाले, "काका, मग ही नऊ वर्षं उपाशीच आहे की!"

मी इतिहासाचा मास्तर. घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला तो असा, की मांजराने दूध-भाकरी खावी हे ठरवले कोणी?

आपल्या म्हणी पाहा. 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.' 'शिंके तुटले आणि बोक्याचे फावले.' पीठ खाणारे मांजर मला तरी कोणत्या म्हणीत सापडले नाही. आणि शिंके कशासाठी? दूध-दही मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून ते आढ्याला टांगायचे. म्हणजे दूध हा मांजराचा आहार नव्हता, ती त्याची चोरी होती. त्याचा खरा पगार दुसरीकडे होता, धान्याच्या कणगीपाशी.

ही नोकरी फार जुनी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभरची पाळीव मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आली, हे २००७ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. तिथे शेती सुरू झाली, धान्य साठले, उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले.

आमच्याकडेही तेच. माझे आजोळ नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात. माळवदाचे घर, अंगणात पेव, आत ज्वारीच्या कणग्या. जाड मातीच्या भिंतींत उंदरांची बिळे. आजीच्या मांजरीला वाटी अशी नव्हतीच. लाल कंधारी गायीची धार काढताना दोन थेंब तिच्यापुढे पडत, बस्स. बाकी पोट ती स्वतः भरी.

मग एकेक करून हे सगळे गेले. १९७२ च्या दुष्काळात पेवे रिकामी झाली. रेशनवर तांबडा मिलो आला. तो आजीला गिळवत नसे. (खाण्याचे नखरे फक्त मांजरेच करतात असे नाही.) पुढे पत्र्याच्या कोठ्या आल्या. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले आणि ते घरात न येता थेट आडतीवर जाऊ लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना भीती वाटू लागली, सिमेंटची घरे झाली. उंदीर कमी झाले आणि मांजराच्या जेवणातला मुख्य पदार्थ गेला. उरले ते दोन थेंब दूध. आपण त्यात भाकरी कुस्करली आणि त्यालाच जेवण म्हटले.

याची किंमत कळायला विज्ञानालाही वेळ लागला. १९७५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की केसीन या दुधातल्याच प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजतो. कमी पडते ते टॉरिन. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. उंदरात, मासळीत, मांसात ते असते. दुधात नावापुरते, भाकरीत नाहीच. १९८७ मध्ये त्याचा हृदयविकाराशीही संबंध कळला आणि आजारी मांजरांत चक्क विकतचे तयार खाद्य खाणारी मांजरे निघाली! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले. मांजराला गोड चव का कळत नाही, हे तर २००५ मध्ये समजले.

आता प्रश्न माझ्या पेन्शनीचा होता. पूर्ण महिना पाकिटावर काढणे परवडणारे नव्हते. नुसते मांस दिले तर चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो. डॉक्टरांनी मधला मार्ग सांगितला. सकाळी पाकिटातले खाद्य, संध्याकाळी कोंबडीची हृदये. चिकनवाला ती कलेजी-पेट्याबरोबर स्वस्तात देतो. मीठ, कांदा, लसूण काही नाही. थोड्या पाण्यात शिजवायचे आणि ते पाणीही द्यायचे, कारण टॉरिन त्यात उतरते. कलेजी मात्र बेतानेच.

मनीने पहिले चार दिवस वाटीकडे पाठ फिरवली. शेजारचे म्हणाले, "उपाशी ठेवा, झक मारून खाईल." डॉक्टरांनी मात्र आधीच बजावले होते, की मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिले तर यकृतात चरबी साठून दगावू शकते. म्हणून तिच्या दूध-भाकरीतच चमचाभर शिजवलेले हृदय बारीक करून मिसळले. दर दोन-तीन दिवसांनी एक चमचा वाढवायचा, तेवढी भाकरी कमी करायची. एकदा घाई केली, तर तिने सगळी वाटी पंजाने उलटी केली. पुन्हा मागे आलो. भाकरी पूर्ण सुटायला दीड महिना लागला. बोंबलाचा चुरा भिजवून, खारट पाणी टाकून, वर चिमूटभर भुरभुरला की काम सोपे होई.

आता तिची कातडी तुकतुकीत आहे, अंगही भरले आहे. डोळ्यांचे झाले ते नुकसान भरून येणार नाही, पुढचे थांबेल, असे डॉक्टर म्हणतात. दिवेलागणीला ती अजून चाचपडते. आम्ही अंगणातला दिवा लवकर लावतो.