फीत उरली, यंत्र गेले

जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि मागणीही ओसरली होती. नवे व्हीसीआर बनवणारी ती जगातली अखेरची ज्ञात कंपनी होती. भारतात या बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मात्र इथल्या असंख्य घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर लग्नाच्या, बारशाच्या, गृहप्रवेशाच्या कॅसेटी तेव्हाही जपून ठेवलेल्या होत्या. त्या वाचू शकणाऱ्या यंत्रांची संख्या आता फक्त घटतच जाणार होती.

जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून घेण्यासाठी कोणते उपकरण निवडावे, हा प्रश्न वरवर खरेदीचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र या यंत्राच्या इतिहासात आणि त्याच्या रचनेत आहे.

ध्वनी फितीवर नोंदवणे तुलनेने सोपे होते. चित्राचा संकेत त्याहून कितीतरी वेगाने बदलतो, त्यामुळे फीतही तितक्याच वेगाने हेडवरून सरकायला हवी. बीबीसीच्या ‘वेरा’ या प्रायोगिक यंत्रात फीत सेकंदाला सुमारे पाच मीटर धावत असे आणि भलेमोठे रीळ काही मिनिटांतच संपून जाई. कॅलिफोर्नियातील अँपेक्स कंपनीच्या चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दुसरा मार्ग दाखवला : फीत संथ चालू द्यावी आणि हेडच गरगर फिरवावे. तरुण रे डॉल्बी या चमूत होते.

हीच कल्पना लहान होत होत घरात आली. सोनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात उतरले. भारतातल्या व्हीएचएस यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल मिनिटाला १,५०० फेरे घेतो. फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर पुढे सरकते. हेड मात्र तिच्यावरून सेकंदाला जवळपास पाच मीटर वेगाने तिरके धावते. प्रत्येक तिरकी रेघ सुमारे ४९ मायक्रोमीटर रुंद, म्हणजे साधारण केसाच्या जाडीची. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे अडीचशे मीटर फीत असते. एका घराचा एक संपूर्ण दिवस त्या केसभर रेघांत साठवलेला असतो.

भारतात या तंत्राला खरा वेग आला तो १९८२ मध्ये. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि रंगीत संचांबरोबर व्हीसीआरही मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरला. आखाती देशांतून परतणाऱ्या नोकरदारांच्या सामानात तो असे; ज्यांना परवडत नसे ते रात्रीपुरता भाड्याने आणत. गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लर उघडली. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक करावी लागली. दूरचित्रवाणी सरकारी होती, तेव्हा १९८८ मध्ये सुरू झालेले ‘न्यूजट्रॅक’ हे वृत्तमासिक कॅसेटच्या रूपाने घरोघरी पोहोचत होते.

त्याच काळात अहमदाबादेत आणखी एक गोष्ट घडली. १९८४ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेतील वीस जणींनी अमेरिकी निर्मात्या मार्था स्टुअर्ट यांच्याकडून व्हिडिओ चित्रीकरणाचे धडे घेतले. त्यांत भाजी विकणाऱ्या स्त्रिया होत्या. काहींना अक्षरओळखही नव्हती. लिहिता-वाचता न येणारी बाई आपल्या जगण्याची चलत् नोंद स्वतः करू शकते, हे या फितीने शक्य केले. लग्नाच्या कॅसेटीचेही तसेच. फुलांच्या चौकटीत फिरणारे वधूवर आणि मागे वाजणारी चित्रपटगीते यांना हसणे सोपे आहे. मात्र साधी माणसे कशी चालत, कशी बोलत, पंगतीत आग्रह कसा करत, याची अशी विपुल नोंद भारतात त्याआधी कधीच झालेली नव्हती. कित्येक घरांत आजोबांचा आवाज असलेली वस्तू एकच असते : ती कॅसेट.

ही नोंद जपण्याची पहिली लाट आली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि तिने बरेच नुकसानही केले. त्या वेळी स्वस्त आणि लोकप्रिय होती ती व्हीसीडी. तीन तासांची कॅसेट तीन तबकड्यांवर उतरवून मिळे आणि काम झाले असे समजून कित्येकांनी मूळ कॅसेट टाकून दिली. भारतातल्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे नोंदली जातात. व्हीसीडीवर उरत त्या फक्त २५ चौकटी, त्याही ३५२ बाय २८८ ठिपक्यांच्या. हालचालीचे निम्मे क्षण तिथेच गळून पडले आणि पुढच्या कोणत्याही तंत्राला ते परत आणता येणार नव्हते. नंतरच्या डीव्हीडीने ७२० बाय ५७६ ठिपके आणि सर्व ५० अर्धचित्रे राखली. तरी घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर असते. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांपुढे तो थर किती टिकेल, याची हमी नसते.

या इतिहासाचा धडा असा की उपकरणे निवडण्याचा क्रम बहुधा उलटा लावला जातो. लोक आधी संगणकाला जोडायचे छोटे यंत्र विकत घेतात आणि मग कुठला तरी व्हीसीआर शोधतात. वास्तविक सगळ्यात मोलाचा घटक आहे तो फीत वाचणारा व्हीसीआर. त्याच्या हेडने जे वाचले नाही, ते पुढच्या कोणत्याही उपकरणात येणार नाही. कमी चाललेले, हेड स्वच्छ असलेले आणि शक्य तर एस-व्हिडिओ जोडणी असलेले यंत्र मिळवण्यासाठी अधिक वेळ आणि पैसा खर्च करणे शहाणपणाचे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते. तिच्यासाठी दोन्ही पद्धती वाचणारे यंत्र लागते. हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटी शक्यतो त्याच जातीच्या कॅमेऱ्यात चालवाव्यात. १९९५ मध्ये आलेल्या मिनी-डीव्हीची गोष्ट आणखी निराळी : तिच्यावर मुळातच अंक नोंदलेले असतात. फायरवायर जोडणीतून ते अंक जसेच्या तसे उचलायचे असतात. चित्र पुन्हा नोंदवायचे नसते.

दुसरा घटक आहे संकेत स्थिर करणारे उपकरण, म्हणजे टाइम बेस करेक्टर. पाल पद्धतीत चित्राची प्रत्येक आडवी ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असावी लागते. फीत ताणली गेली, यंत्र झिजले की ओळी मागेपुढे होतात. खांब वाकडे दिसतात, चेहऱ्यांच्या कडा थरथरतात. जुना टीव्ही हे निमूटपणे सोसत असे. संगणक सोसत नाही. तो चौकटी गाळतो आणि मग ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे अशी अवस्था होते. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये हे स्थिरीकरण अंगभूत असते. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मध्ये जोडले तरी हे काम बऱ्यापैकी करतात.

संकेताचे अंकांत रूपांतर करणारे यंत्र तिसऱ्या क्रमांकावर येते आणि साठवण चौथ्या. डीव्ही पद्धतीने तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. तीन तासांची कॅसेट ४० गिगाबाइटच्या आसपास जाते. ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीवर ती मावायची तर चित्र बरेच दाबावे लागते. म्हणून डिस्क ही पाहण्याची आणि वाटण्याची प्रत असावी. मूळ मोठी फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दोन वेगळ्या घरांत राहावी.

आपल्या हवामानात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. फितीच्या कडेवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी फीत आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. यंत्राची परीक्षाही बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करावी, लग्नाच्या नव्हे.

हा प्रश्न फक्त घरांचा नाही. फितींवरील ध्वनिचित्रांचे नियमित हस्तांतर २०२५ च्या सुमारास थांबेल, असा इशारा युनेस्को आणि दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याआधीच दिला होता. कारण तेच : फिती टिकतील, पण यंत्रे, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात उरणार नाहीत. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला २०१७ मध्ये विश्वासार्ह अंकीय भांडाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. या प्रमाणकावर उतरलेले ते जगातील पहिले भांडार ठरले. देशाच्या सांस्कृतिक ठेव्यासाठी अशी व्यवस्था उभी राहू शकते. घरातल्या कॅसेटीला मात्र घराखेरीज दुसरा अभिलेखागार नाही.

हस्तांतर झाल्यावरही मूळ कॅसेट टाकू नये, हा व्हीसीडीच्या पिढीने महागात शिकलेला धडा आहे. ती उभी ठेवावी, कोरड्या जागी, चुंबक आणि ओल यांपासून दूर. मात्र ती आहे म्हणून निश्चिंतही राहू नये. फळीवरची कॅसेट अजून काही वर्षे तशीच दिसेल. ती वाचणारा चालू व्हीसीआर दरवर्षी शोधायला अधिक कठीण होईल. म्हणून आधी यंत्र, आणि तेही आताच.