पाळकाची ट्रंक

कासारवाडीच्या आमच्या खोलीत आजीची पत्र्याची ट्रंक आहे. वडील कारखान्यात लागले, तेव्हा ती इथे थांबली. आजोबा नगरकडचे पाळक, जातीने महार. दर दोन-तीन वर्षांनी बदली, ट्रंक बैलगाडीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे बिऱ्हाडही असेच हिंडले; पण ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त उतरले. (उतरले हे बरेच झाले.) टिळक ब्राह्मण, 1895 साली ख्रिस्ती झाले. आजोबांना मात्र नव्या गावीही घर मिळे ते महारवाड्यालगतच. गावाने जात सोडली नाही. सरकारने ती कागदावरून पुसली. 1950 च्या आदेशातली धर्माची अट शिखांसाठी 1956 साली, बौद्धांसाठी 1990 साली सैल झाली. ख्रिस्त्यांसाठी आजही नाही. दाखल्याला मूळ गाव विचारतात. आजोबांच्या सहा गावांत घर मिशनचे. आमच्या नावाचा उतारा एकाही गावी नाही.