भेदरलेल्या मांजराला हवा आडोसा
माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे. दिवाळीच्या फटाक्यांत ते कपाटामागे दडते, तो हट्ट नव्हे. ओढून मांडीवर घेतल्याने भीती वाढतेच. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात, निवारागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण लवकर ओसरला. घरातही आतल्या खोलीत पुठ्ठ्याचे आडवे खोके, त्यात त्याच्याच वासाचे न धुतलेले पांघरूण, जवळ पाणी आणि जरा दूर रेतीचा ट्रे एवढे पुरते. खिडक्या मात्र बंद हव्यात. बिथरलेले मांजर वरच्या मजल्यावरूनही खाली पडू शकते. २४ तास अन्नाला तोंड लावले नाही, किंवा बोका लघवीसाठी कुंथू लागला, तर तत्काळ पशुवैद्य गाठावा.