खंबायतचे तेल आणि कायद्यातील व्याख्या

गुजरातेत खंबायतला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाचे हे पहिले मोठे यश होते. अंकलेश्वरचे तेल सापडले वालुकाश्मात. त्याचा जन्म मात्र त्याखालच्या काळ्या शेल खडकातला.

या खोऱ्याचा तळ म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भूकवच ताणून हा तळ खचला आणि त्यावर चिखल साचला. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य टिकून राहिले. ते खोल गाडले जाऊन सुमारे ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात त्याचे तेल झाले. काही तेल वर सरकून वालुकाश्मात साठले; उरलेले शेलमध्ये आणि लगतच्या घट्ट थरांतच अडकून राहिले. हेच ‘टाइट ऑइल’. खोऱ्याच्या कडेला उथळ भागात पुरेशी उष्णता मिळाली नाही, आणि फार खोलवर तेलाचा वायू होतो. म्हणून ते मधल्या खोलीच्या पट्ट्यातच संभवते. ते काढण्यासाठी पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा पाडाव्या लागतात. त्यासाठी खडक ठिसूळ हवा. खंबायतच्या शेलमध्ये मात्र चिकणमातीचे प्रमाण बरेच आहे.

प्रशासनाची अडचण येथूनच सुरू होते. साठलेल्या तेलाला सीमा असते, तिच्याभोवती खाणपट्टा आखता येतो. घट्ट खडकातील तेल विस्तीर्ण पसरलेले असते. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याने खनिज तेलाच्या व्याख्येत पेट्रोलियम व नैसर्गिक वायू एवढेच म्हटले होते, आणि पुढील परवाने तेलाच्या प्रकारानुसार वेगवेगळे झाले. परिणामी एकाच जमिनीखालचे एक तेल काढता येई, दुसऱ्याला हात लावता येत नसे. शेलसाठी २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांना मुभा मिळाली, २०१६ मध्ये नव्या क्षेत्रांसाठी सर्व प्रकारांना एकच परवाना आला, २०१८ मध्ये जुन्या करारांनाही सवलत मिळाली. अखेर २०२५ च्या दुरुस्तीने शेल तेल व टाइट ऑइल व्याख्येत नावानिशी आले.

व्याख्येचा प्रश्न असा सुटला, जमिनीचा व पाण्याचा मात्र उरला आहे. अशा तेलाला थोड्या नव्हे, अनेक विहिरी लागतात, आणि प्रत्येक विहिरीला पुष्कळ पाणी. शेतकऱ्याला मोबदला किती आणि वापरलेल्या दूषित पाण्याची विल्हेवाट कोठे, याचे उत्तर जिल्हा प्रशासनाने पहिल्या विहिरीआधीच तयार ठेवले पाहिजे.