लहान मुलांमागचा थकवा: कधी झोप हवी, कधी तपासणी

घरात तान्हं बाळ असलं की थकवा येणारच. पण ‘आईपण म्हणजे असंच असतं’ म्हणून तो अंगावर काढू नका. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं? हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉइडही बिघडू शकतो. लोहाची गोळी दिली असेल, तर चहाबरोबर घेऊ नका. लोह नीट शोषलं जात नाही.

रिपोर्ट चांगले आले, तर कमी पडतेय ती सलग झोप. ती टॉनिकच्या बाटलीतून मिळत नाही (मागणी मात्र टॉनिकचीच जास्त असते!). रात्री बाळाला पाजून लगेच बाबांच्या किंवा आजीच्या हाती द्या. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं त्यांनी करावं.

बाळ झोपलंय, घर शांत आहे, तरीही तुमचा डोळा लागत नाही? दोन आठवड्यांहून जास्त दिवस सारखं रडू येतंय, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही? हे नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. तोवर घरच्यांनी तिला आणि बाळाला एकटं ठेवू नये. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.